जास्त पिकलेली फळे : टाकण्यापूर्वी जरा थांबा



मृगाचा पाऊस पडून गेला की कोकणातून आलेल्या आंब्याच्या पेट्या तळाला लागतात. शेवटचे दहा-बारा आंबे इतके मऊ होतात की सुरी लावताच रस ओघळतो. डझनाने आणलेली केळी दोन दिवसांत काळ्या ठिपक्यांनी भरतात. आजारी माणसाला भेटायला येणाऱ्यांनी आणलेली पपई आणि चिकू कोपऱ्यात पडून राहतात. रमजानमध्ये तर हे रोजचेच होते. इफ्तारच्या वेळी फळांचे ताट भरून ठेवायचे, भजी-समोशांनी पोट भरायचे, आणि तरावीहनंतर ताटातली अर्धी फळे तशीच दिसायची. दुसऱ्या दिवशी ती कोणी खात नाही आणि तिसऱ्या दिवशी ती कचऱ्यात जातात.

खाण्यापिण्यात उधळपट्टी नको, ही शिकवण आपल्याला नवी नाही. तरी फळांच्या बाबतीत आपण सहज म्हणून जातो, "खराब झाले, टाकून दे." त्यातले निम्मे खराब झालेले नसते. ते फक्त जास्त पिकलेले असते. या दोन गोष्टींतला फरक ओळखता आला, तर त्याच फळांतून घरातल्या माणसांसाठी पौष्टिक पेये करता येतात, आणि मुलांसाठी आणली जाणारी थंड पेयाची बाटलीही कमी होते. या महिन्यात आम्ही याच विषयावर बोलणार आहोत.

फळ पिकते म्हणजे काय होते?

केळे, आंबा, पपई, चिकू, पेरू, सीताफळ, फणस ही फळे झाडावरून उतरवल्यावरही पिकत राहतात. पिकताना ती इथिलीन नावाचा वायू सोडतात. हा वायू जवळच्या दुसऱ्या फळालाही पिकवतो. आंब्याची आढी लावताना पेंढ्यात सगळी फळे एकत्र झाकण्यामागचे कारण हेच आहे. टोपलीत एक केळे काळे पडले की बाकीची भराभर मागे लागतात, त्याचेही कारण हेच. म्हणून पिकलेले फळ आणि कच्चे फळ एकाच टोपलीत ठेवू नये.

अननस, द्राक्षे, संत्री, मोसंबी यांचे तसे नसते. ती तोडल्यावर आणखी गोड होत नाहीत, फक्त जुनी होत जातात. त्यामुळे "अननस चार दिवस ठेवू, गोड होईल" हा हिशेब चुकतो.

हिरव्या केळ्यात पिठूळ भाग, म्हणजे स्टार्च भरपूर असतो. पिकता पिकता त्याची साखर होते. काळे ठिपके आलेल्या केळ्यात स्टार्च जवळजवळ उरत नाही, म्हणून ते इतके गोड लागते आणि पचायला हलके असते. अशा केळ्यातले पोटॅशियम आणि चोथा, म्हणजे तंतू, कायम राहतात. १०० ग्रॅम केळ्यात साधारण ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. आंबा आणि पपईचा केशरी रंग ज्या घटकामुळे येतो, त्यापासून आपले शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करते. तोही जास्त पिकल्याने नाहीसा होत नाही. कमी होते ते 'क' जीवनसत्त्व. हवा, उष्णता आणि दिवस या तिन्हींनी ते घटते. म्हणून अशा पेयात शेवटी लिंबू पिळायचे. चव खुलते आणि गेलेल्यातले थोडे परत मिळते.

ठेवायचे कोणते आणि टाकायचे कोणते?

सगळे काम या निवडीवर अवलंबून आहे. बचतीच्या नावाखाली सडके फळ घरच्यांच्या पोटात घालणे योग्य नाही. निवड करताना डोळे, नाक आणि बोट तिन्ही वापरावेत.

केळ्याची साल काळी पण आतला गर पिवळसर, मऊ आणि गोड वासाचा असेल तर ते उत्तम. गरात एखादा तपकिरी डाग असेल तर तेवढा काढून टाकावा. साल फुटून पाणी सुटले असेल किंवा दारूसारखा उग्र वास येत असेल, तर ते केळे टाकून द्यावे.

हापूस कापल्यावर आत कधी पांढरट, रबरासारखा भाग निघतो. त्याला साका म्हणतात. तो विषारी नसतो, पण चव बिघडवतो. तेवढा भाग कापून उरलेला रस घ्यावा. देठापासून काळपट होत आत गेलेला आंबा मात्र कुजलेला असतो. पाऊस पडल्यावर आंब्यात फळमाशीच्या अळ्या सापडतात, म्हणून या दिवसांत आंबा चोखून खाण्याऐवजी कापून, उजेडात पाहूनच रस काढावा.

कोणत्याही मऊ फळावर पांढरी, हिरवी किंवा काळी बुरशी दिसली, तर ते पूर्ण फळ टाकावे. वरचा बुरशीचा भाग कापून काम होत नाही. बुरशीचे बारीक धागे मऊ गरात आतपर्यंत पोहोचलेले असतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत.

गावाकडे परसात चिकू, पेरू, आंब्याची झाडे असतात. खाली पडलेल्या फळावर दातांच्या किंवा चोचीच्या खुणा असतील तर ते फळ कितीही गोड असले तरी घेऊ नये. २०१८ साली केरळात कोझिकोडकडे निपाह विषाणूची साथ आली. हा विषाणू फळे खाणाऱ्या वटवाघळांमध्ये असतो, म्हणून पक्ष्यांनी, वटवाघळांनी उष्टे केलेले फळ खाऊ नये असे आरोग्य विभाग सांगत असतो. मुलांना हे आवर्जून समजावावे.

फळ कापण्यापूर्वी वाहत्या पाण्याखाली धुवावे. साल काढणार असलो तरी धुवावे, कारण सुरी सालीवरची घाण गरात नेते.

उरलेले दुसऱ्याला देताना

एक गोष्ट इथेच बोलून टाकतो. बऱ्याच घरांत नासत आलेली फळे पिशवीत भरून कामाला येणाऱ्या बाईच्या हाती दिली जातात, आणि देणाऱ्याला सदका दिल्याचे समाधान मिळते. जे आपण आपल्या मुलाच्या ताटात वाढणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलासाठी देऊ नये. द्यायचेच असेल तर फळ ताजे असताना, पेटी उघडल्याच्या दिवशीच वेगळे काढावे. पुढे मऊ झालेल्या फळांचे आपणच काहीतरी करावे. आणि जे खरोखर खराब झाले, ते बकरीला घालण्यापेक्षा खताच्या खड्ड्यात किंवा कुंडीच्या मातीत गाडावे. बुरशी जनावरालाही त्रास देते.

आता पेयांकडे वळू

खालील प्रमाण चार माणसांसाठी आहे. आमच्या हिशेबात साखर जवळजवळ नाहीच, कारण जास्त पिकलेले फळ मुळातच गोड असते. आधी चाखावे, मग गरज वाटली तर अर्धा चमचा घालावी.

*केळे-खजुराचे दूध.* काळे ठिपके आलेली दोन मोठी केळी, बिया काढून दहा मिनिटे कोमट पाण्यात भिजवलेले चार-पाच खजूर, उकळून गार केलेले अर्धा लिटर दूध आणि दोन वेलदोडे. खजूर आणि वेलदोडे थोड्या दुधात आधी फिरवावेत, मग केळी आणि उरलेले दूध घालून एकदाच फिरवावे. सहरीला हे एक पेला पिऊन निघालेल्या मुलाला दुपारपर्यंत बरा आधार राहतो. एका पेल्यात दुधातूनच चार ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात.

*नाचणी-केळ्याची आंबील.* १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तीन चमचे नाचणीचे पीठ दोन वाट्या गार पाण्यात कालवून, मंद आचेवर ढवळत सात-आठ मिनिटे शिजवावे. गार झाल्यावर त्यात कुस्करलेली दोन केळी, दोन वाट्या ताक आणि चिमूटभर मीठ घालून रवीने घुसळावे. सुंठेची पूड वरून टाकावी. म्हाताऱ्या माणसांना, ज्यांना चावता येत नाही, त्यांना हे फार मानवते.

*आंबा-ताक.* मऊ झालेल्या आंब्यांचा रस एक वाटी, घट्ट दही एक वाटी, गार पाणी दोन वाट्या, भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा चमचा, चवीला मीठ. सगळे घुसळून घ्यावे. साखर घालून केलेल्या लस्सीपेक्षा हे हलके होते आणि जेवणासोबत चालते.

*कोयी-सालींचे सार.* रस काढल्यावर कोयी आणि सालींना बराच गर चिकटून राहतो. चार वाट्या पाण्यात त्या चोळून धुवाव्यात आणि पाणी गाळून घ्यावे. एक वाटी ताकात एक चमचा बेसन गुठळी न होता कालवून त्या पाण्यात मिसळावे. तुपात जिरे, हिंग, कढीपत्ता आणि सुकी मिरची फोडणीला टाकून हे मिश्रण ओतावे, हळद, मीठ आणि गुळाचा खडा घालून ढवळत उकळी आणावी. पावसाच्या संध्याकाळी वाटीने प्यावे किंवा भातावर घ्यावे. आमच्याकडच्या जुन्या बायका हे केल्याशिवाय कोय अंगणात टाकत नसत.

*पपई-लिंबाचे सरबत.* फार पिकलेल्या पपईला एक विशिष्ट वास येतो, तो काहींना आवडत नाही. लिंबू आणि आले तो झाकतात. दोन वाट्या गर, तीन वाट्या गार पाणी, एका लिंबाचा रस, आल्याचा लहान तुकडा, काळे मीठ आणि पुदिन्याची पाच-सहा पाने एकत्र फिरवावीत. पपई दुधात घातली तर लगेच प्यावी. पपईतला पाचक घटक दुधातली प्रथिने फोडू लागतो आणि थोड्या वेळाने दूध कडवट लागते.

*अननसाची लस्सी.* अननसाच्या बाबतीत ही कडवटपणाची तक्रार आणखी ऐकू येते. "दूध चांगले होते, अननस गोड होता, तरी शेक कडू का झाला?" असे भगिनी विचारतात. कारण तेच. कच्च्या अननसात प्रथिने फोडणारा घटक जोरकस असतो. उपाय सोपा आहे. अननसाचे तुकडे थोडे पाणी आणि एक चमचा साखर घालून झाकून सात-आठ मिनिटे शिजवावेत. उष्णतेने तो घटक निकामी होतो. पूर्ण गार करून मग दह्यात फिरवावे. आंबट फळांसाठी स्टीलचे किंवा काचेचे भांडे घ्यावे. कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ती ठेवू नयेत.

*चिकू-जायफळ दूध.* डहाणू-घोलवडचे चिकू मुंबईच्या बाजारात ढिगाने येतात आणि सगळे एकाच दिवशी मऊ होतात. चार चिकू सोलून, बिया नीट काढून, अर्धा लिटर दुधात फिरवावेत. जायफळ नावापुरते, सुरीच्या टोकावर बसेल इतकेच किसावे. चिकूत चोथा चांगला असतो, म्हणून गाळू नये.

*पेरूचे तिखट-मीठ सरबत.* हिवाळ्यात मऊ पडलेले चार पेरू चिरून तीन वाट्या पाण्यात पाच मिनिटे उकळावेत. गार झाल्यावर कुस्करून चाळणीतून काढावेत म्हणजे कडक बिया वर राहतात. लिंबू, सैंधव, मिरपूड आणि चिमूटभर लाल तिखट घालावे. मुले हे पेरूच्या फोडींइतक्याच आवडीने पितात.

*बरक्या फणसाचे नारळी दूध.* कापा फणस खाऊन संपतो, बरका मात्र पिकला की गळायला लागतो. बरक्याचे गरे हाताने कुस्करून चाळणीतून रस काढावा. एक वाटी रसाला दोन वाट्या पातळ नारळाचे दूध, वेलदोडा आणि मीठाचा कण. हे ताजे करून त्याच वेळी संपवावे. नारळाचे दूध उन्हाळ्यात पटकन आंबते.

सीताफळाबद्दल एक सावधगिरी. त्याच्या बिया विषारी असतात आणि त्यांची पूड डोळ्यांत गेली तर डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते. म्हणून गर कधीही बियांसकट मिक्सरमध्ये टाकू नये. गर चाळणीवर हाताने फिरवून बिया सगळ्या मोजून बाजूला काढाव्यात आणि मगच दूध घालावे.

कोणत्याही सरबतात भिजवलेला सब्जा, ज्याला आपल्याकडे तुकमलंगा म्हणतात, चमचाभर घालता येतो. तो पंधरा-वीस मिनिटे पाण्यात पूर्ण फुगू द्यावा. कोरडा सब्जा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो.

आंबले तर?

गोड फळ, पाणी आणि उष्ण हवा एकत्र आली की यीस्ट कामाला लागते. साखर खाऊन ते मद्यार्क आणि वायू तयार करते. मेक्सिकोत अननसाच्या साली गुळाच्या पाण्यात दोन-तीन दिवस ठेवून तेपाचे नावाचे पेय करतात. त्यात थोडा मद्यार्क आपोआप येतो. अशा कृती हल्ली मोबाईलवर "पोटासाठी उत्तम" म्हणून फिरतात आणि आपल्या मुली त्या पाहून करून बघतात. ही गोष्ट आपल्या घरांना ठाऊक हवी. अननसाच्या सालींचे पेय हवेच असेल तर स्वच्छ धुतलेल्या साली, दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा आणि आले पाण्यात वीस मिनिटे उकळावे, गाळावे आणि गरमच प्यावे. आंबवण्याची गरज नाही.

खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून ते गोड पाणी पिण्याची रीत पैगंबर (स.) यांच्या काळात होती. ते पाणी तिसऱ्या दिवसापलीकडे ठेवले जात नसे, असे सहीह मुस्लिममधील रिवायतीतून कळते. अरबस्तानच्या घरातली ही काळजी आपल्या मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत जास्तच घ्यायला हवी. आम्ही घरासाठी एक साधा नियम सुचवतो. रात्री भिजवलेले खजूर सकाळी प्यावेत. फळांचे पेय दोन तासांहून अधिक बाहेर ठेवू नये, कडक उन्हाळ्यात तासाभरातच फ्रीजमध्ये जावे. फ्रीजमधलेही दुसऱ्या दिवशी संपवावे. बाटलीचे झाकण उघडताना फस् असा आवाज आला, वर फेस किंवा बुडबुडे दिसले, आंबूस-उग्र वास आला, तर चाखूनही पाहू नये, ओतून द्यावे. याविषयी धार्मिक प्रश्न मनात असेल तर जाणकार आलिमांना विचारावे. तब्येतीच्या दृष्टीनेही असे पेय मुलांच्या हाती देण्यासारखे नसते.

साठवण

सगळी फळे एकाच दिवशी मऊ होतात, म्हणून सगळे एकाच दिवशी पिऊन टाकायचे असे नाही. केळी सोलून, चकत्या करून, ताटलीत एकमेकींना चिकटणार नाहीत अशा फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. कडक झाल्या की डब्यात भराव्यात. आंबा, पपई, चिकू यांचा गर बर्फाच्या साच्यात भरून गोठवावा आणि वड्या पिशवीत काढून वर तारीख लिहावी. दोन-तीन महिने त्या चांगल्या राहतात. हव्या तेवढ्याच वड्या काढाव्यात. एकदा वितळलेला गर पुन्हा गोठवू नये. ज्या गावांत वीज तासन्‌तास जाते तिथे फ्रीझरवर भरवसा न ठेवता रस आटवून किंवा उन्हात वाळवून आंबापोळी करणे बरे. ती जुनी रीत वीज नसतानाच्या दिवसांसाठीच होती.

संध्याकाळी हातगाडीवर मऊ केळी, चिकू निम्म्या भावात मिळतात. कमी मिळकतीच्या घरात ही फळे आणायला कोणी लाजू नये. वर सांगितल्याप्रमाणे पारखून घेतली, घरी आल्यावर लगेच सोलून गोठवली, तर आठवडाभराच्या नाश्त्याची सोय थोड्या पैशांत होते.

कोणी जपून प्यावे?

फळ पौष्टिक आहे, पण पेला भरभरून प्यायला सगळ्यांनाच चालेल असे नाही. मधुमेह असलेल्या माणसाने अख्खे फळ थोडे खाणे आणि त्याच फळाचे पेय पिणे यात फरक आहे. पेय पटकन पोटात जाते, एका पेल्यात दोन-तीन फळे मावतात आणि साखर लवकर वाढते. जास्त पिकलेल्या फळात ती आणखी सहज मिसळते. घरात अब्बा किंवा दादी मधुमेही असतील तर त्यांना पपई-लिंबाचे सरबत अर्धी वाटी, न गाळता, साखर-खजूर-मध न घालता आणि जेवणाचा हिशेब धरून द्यावे. आंबा-केळ्याचे दूध त्यांच्यासाठी नको. उपवासात औषध-इन्सुलिन घेणाऱ्यांनी इफ्तारला काय प्यावे हे रमजानपूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना डॉक्टर बहुतेक वेळा पोटॅशियम कमी करायला सांगतात. त्यांच्यासाठी केळ्याचे पेय हानिकारक ठरू शकते. "फळच तर आहे" म्हणून आग्रह करू नये.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीही नको. त्यानंतर वर्षापर्यंत मऊ केळे किंवा पपई कुस्करून चमच्याने द्यावी, पण रस किंवा शेक बाटलीतून देऊ नये. वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये. मधातल्या जिवाणूंमुळे त्या वयात गंभीर आजार होऊ शकतो.

गरोदर भगिनींना पपई चालते की नाही हा प्रश्न दर महिन्याला कुणीतरी विचारतेच. कच्च्या, चिकाच्या पपईपासून डॉक्टर त्यांना दूर राहायला सांगतात. पूर्ण पिकलेल्या पपईत चीक उरत नाही. तरी स्वतःच्या डॉक्टरांना विचारून मनातली शंका दूर करावी.

पहिला पेला कोणाचा?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. हा आकडा आपल्याच घरांतला आहे. सकाळी सगळ्यांना दूध देऊन स्वतः कोरा चहा आणि रात्रीची पोळी खाणारी बाई आपल्या प्रत्येक गल्लीत आहे. शेक करतानाही तेच होते. मुलांना, नवऱ्याला, सासऱ्यांना ओतून झाल्यावर मिक्सरच्या तळाला पाणी घालून ती विसळून पिते.

पोळी, पालेभाजी, डाळ, नाचणी यांतले लोह शरीरात नीट शोषले जायला 'क' जीवनसत्त्व मदत करते. म्हणून जेवणासोबत लिंबू पिळलेले पपईचे किंवा पेरूचे सरबत घेण्यात अर्थ आहे. चहा मात्र लोह अडवतो. तो जेवणानंतर तासाभराने घ्यावा. एवढ्याने रक्त पुरेसे वाढेल असे आम्ही म्हणत नाही. चक्कर, दम, थकवा असेल तर रक्त तपासून गोळ्या घ्यायलाच हव्यात, आणि त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पण रोजच्या सवयीने गोळ्यांना आधार मिळतो.

मुलांच्या बाबतीतही हिशेब सरळ आहे. ३०० मिलिलिटरच्या साध्या कोला पेयात ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे सहा चमचे, आणि तिच्यासोबत पोषण काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवल्याप्रमाणे मोठ्या माणसानेही दिवसभरात वरून घेतलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी. गाळलेल्या रसातली आणि मधातली साखरही त्यात मोजली जाते. म्हणून फळे गाळायची नाहीत आणि वरून साखर घालायची नाही, हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगत आहोत.

तेव्हा आज टोपली उलटी करा. बुरशीचे, पाणी सुटलेले, उष्टे फळ बाजूला काढा. मऊ आणि चांगले असेल ते धुऊन सोला. आज लागेल तेवढ्याचे पेय करा, उरलेले गोठवा. आणि पेले भरताना एक पेला आधी स्वतःसाठी भरून ठेवा. मुली तो पाहतात, आणि उद्या त्यांच्या घरात त्या तसेच करतील. अल्लाह आपल्या दस्तरखानात बरकत देवो.